वीस मेची चौथी हीट: बंद फायलींतून एका फाउंड्रीचा इतिहास बाहेर काढताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, जुन्या ग्राहकाचा मेल आला. सोबत तुटलेल्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) फोटो होता. कास्टिंगवर उठावाच्या अक्षरांत ‘२०ई४’ आणि शेजारी ‘१७’. या फाउंड्रीत महिन्याला इंग्रजी अक्षर देतात: जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, त्या हिशेबानं मे म्हणजे ई. म्हणजे २० मे २०१७ ची चौथी हीट. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातूचा घाणा. ग्राहकाला त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत कोणता घटक किती, त्याचा) हवा होता, ओतण्याचं तापमान आणि मॅग्नेशियम ट्रीटमेंटची नोंद हवी होती, शिवाय त्याच हीटची बाकीची कास्टिंग्ज कोणत्या डिलिव्हरी चलनांवर कुठे गेली त्याची यादी.

मागणी रास्त होती. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात उत्पादन-मंजुरीची कागदपत्रं तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत आणि त्यावर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपायची अट आहे. या ग्राहकाच्या करारात हीटच्या नोंदींनाही तीच मुदत होती. आणि तो भाग अजून बाजारात होता.

अडचण अशी की नोंदी जागेवर नव्हत्या. फाउंड्रीचं ऑफिस पूर्वी कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर होतं. हीट रजिस्टरं आणि जुन्या ईआरपीचा (कारखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामचा) सर्व्हर तिथंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्या भागात शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, मालकांना प्लँटवरून ऑफिसकडे जाताच येईना. पाणी ओसरल्यावर रजिस्टरांचा लगदा हाती आला. सर्व्हरच्या डिस्कमधूनही काही निघालं नाही.

वाचलं ते प्लँटवरच्या एका कॉम्प्युटरमधलं एक फोल्डर. फाउंड्रीत पूर्वी क्लिकव्ह्यू हा आकडेवारीचे रिपोर्ट दाखवणारा प्रोग्राम वापरात होता. जुन्या ईआरपीमधून दर महिन्याला टेक्स्ट फायली निघायच्या, क्लिकव्ह्यूची स्क्रिप्ट त्या उचलायची आणि स्वतःच्या क्यूव्हीडी फायलींत साठवून ठेवायची. रिजेक्शनचा (नाकारलेल्या मालाचा) डॅशबोर्ड त्यावर चालायचा. हीट, रसायन, रिजेक्शन, डिस्पॅच असं सगळं त्या फोल्डरमध्ये होतं. पण प्रोग्राम नव्हता. मधल्या काळात दोघा भावांची वाटणी झाली, लायसन्स धाकट्या भावाच्या युनिटच्या नावावर गेलं आणि तिथंही पुढे ते बंद पडलं. फायली थोरल्याकडे, म्हणजे या फाउंड्रीच्या मालकांकडे राहिल्या.

‘‘भट्टी आमची, माल आमचा, नोंदी आमच्या माणसांनी केलेल्या. मग कुलूप दुसऱ्याचं कसं?’’ फायली वाचून द्यायला मला बोलावलं तेव्हा मालक पहिल्याच भेटीत म्हणाले. या लेखात मांडायचं आहे ते त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर, पण ते कुलूप उघडण्यापाशी संपत नाही.

आधी सरळ रस्ता

चालू लायसन्स हाताशी असेल तर बाहेरच्या प्रोग्रामनं फाइल वाचण्याच्या भानगडीत पडू नये, हे माझं पक्कं मत आहे. मूळ प्रोग्राममध्ये फाइल उघडावी, टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करावी, विषय मिटला. क्लिक कंपनीची नवी उत्पादनंही जुन्या क्यूव्हीडी वाचतात. मालकांना मी हेच आधी सांगितलं. त्यांचा आक्षेप पैशांपुरता नव्हता. वर्षाची वर्गणी भरून एकदा वाचायचं आणि वर्गणी संपली की पुन्हा तिथंच यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. नोंदी कायमच्या मोकळ्या व्हायला हव्यात, ही त्यांची अट होती. ती मला पटली.

कायद्याची बाजूही पाहिली. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एबी) हे कायदेशीररीत्या प्रोग्राम बाळगणाऱ्याला, दुसरीकडे सहज न मिळणारी माहिती परस्पर-जुळणीपुरती मिळवायची मुभा देतं. आम्हाला तिथवर जावंही लागलं नाही. प्रोग्रामला हात न लावता फक्त फाउंड्रीच्या स्वतःच्या फायली वाचायच्या होत्या, आणि त्या कूटबद्ध नव्हत्या.

कामाला लागण्याआधी सगळ्या फायलींच्या प्रती घेतल्या, मूळ फोल्डर फक्त-वाचनासाठी केलं आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा) वहीत आणि मेलवर नोंदवला. उद्या ग्राहकाच्या ऑडिटरनं ‘हे आकडे कुठून आणले’ विचारलं तर बोट ठेवायला जागा हवी.

फाइलच्या आत

क्यूव्हीडी ही आतून बरीचशी समजूतदार फाइल आहे. एका फाइलमध्ये एकच टेबल. नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला वाचता येणारा एक्सएमएल मजकूर दिसतो, पुढे सगळा गोंधळ. या सुरुवातीच्या मजकुरात, म्हणजे हेडरमध्ये, टेबलाचं नाव, ओळींची संख्या, एका ओळीला किती बाइट लागतात, प्रत्येक कॉलमची माहिती कुठून सुरू होते, हे सगळं लिहिलेलं असतं. बहुतेक फायलींत ती कोणत्या स्क्रिप्टनं बनवली आणि माल कोणत्या फायलींतून आला याचीही नोंद असते. ती वंशावळ पुढे फार कामाला आली.

हेडर संपला की दुसरा भाग: कॉलमवार मूल्यांच्या याद्या. ‘एसजी ५००/७’ हा ओतीव लोखंडाचा ग्रेड हजारो ओळींत आला तरी यादीत एकदाच लिहिलेला असतो. तिसऱ्या भागात प्रत्यक्ष ओळी, पण ओळीत मूल्य नसतं, फक्त यादीतला क्रमांक असतो. अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो ना, तसं. ओळीत सगळे बिल्ले, माल यादीत. आणि हे क्रमांकही पूर्ण बाइट अडवत नाहीत, लागतील तेवढेच बिट घेतात. ज्या कॉलममध्ये अख्ख्या टेबलभर एकच मूल्य आहे, उदाहरणार्थ प्लँटचं नाव, त्याला शून्य बिट. क्लिकच्या मदत-पुस्तिकेत क्यूव्हीडी वाचणं इतर स्रोतांपेक्षा १० ते १०० पट वेगवान असल्याचं म्हटलंय, त्यामागे ही मांडणी आहे.

एक बाइट उघडून दाखवतो. सोपं करण्यासाठी तीनच कॉलम धरू: भट्टीला २ बिट, ग्रेडला ३ बिट, रिजेक्शनच्या कारणाला ३ बिट. बाइटची किंमत १०५, म्हणजे बिटांत ०११०१००१. वाचायचं उजवीकडून. शेवटचे दोन बिट ०१, म्हणजे भट्टी क्रमांक १. त्याआधीचे तीन ०१०, म्हणजे ग्रेड क्रमांक २. उरलेले ०११, म्हणजे कारण क्रमांक ३. मोजणी शून्यापासून. कारणांची यादी अशी समजा: ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी), श्रिंकेज, मिसरन, सँड ड्रॉप, कोल्ड शट, क्रॅक. क्रमांक ३ म्हणजे सँड ड्रॉप.

चूक. हेडरमध्ये या कॉलमपुढे ‘बायस’ म्हणून उणे २ लिहिलेलं असतं. वाचलेल्या आकड्यात ते मिळवायचं. ३ उणे २ म्हणजे १, कारण श्रिंकेज. कॉलममध्ये रिकामी मूल्यं असू शकतात तेव्हा ही सोय केलेली असते. साठवलेला आकडा ० असेल तर उत्तर उणे २ येतं आणि त्याचा अर्थ ‘इथं काहीच नाही’.

बायस विसरला तर काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. ज्या कास्टिंगला रिजेक्शनचं कारणच नाही, म्हणजे जो माल चांगला आहे, तिथं आकडा ० असतो. तो थेट यादीतला शून्यावा क्रमांक म्हणून वाचला की सगळा चांगला माल ब्लोहोलचा होतो. यादीतल्या शेवटच्या दोन कारणांच्या ओळी तेवढ्या अडखळतात, कारण त्या यादीबाहेर जातात. बाकी सगळं बिनबोभाट चुकीचं वाचलं जातं. आणि ‘थोड्या ओळी खराब आहेत, सोडून द्या’ म्हणून कोणी त्या अडखळणाऱ्या ओळी गाळल्या तर चुकीचा शेवटचा पुरावाही जातो. वाचणारा प्रोग्राम बंद पडला तर माणूस सावध होतो. तो गप्प चुकला तर फाउंड्री पुढची दोन वर्षं व्हेंटिंगवर, म्हणजे साच्यातला वायू बाहेर काढण्यावर, खर्च करत बसते.

यादीतल्या मूल्यांचेही प्रकार आहेत. प्रत्येक मूल्याआधी एक बाइट प्रकार सांगतो: १ म्हणजे चार बाइटचा पूर्णांक, २ म्हणजे आठ बाइटचा अपूर्णांक, ४ म्हणजे मजकूर, ५ आणि ६ म्हणजे आकडा आणि त्याच्यासोबत त्याचं दिसणारं रूप, दोन्ही. तारखा ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांत असतात, २० मे २०१७ म्हणजे ४२८७५. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हे सगळं वाचणाऱ्या मोकळ्या लायब्ररी (तयार कोड) आहेत. एक घेतली, शिवाय हेडरवरून स्वतंत्रपणे वाचणारा छोटा प्रोग्रामही लिहिला, आणि दोघांचं उत्तर ओळ न् ओळ जुळवलं.

जुळलं, तरी हीट सापडेना

वाचन बरोबर आहे हे ठरवायला बाहेरचा साक्षीदार लागतो. तो मालकांच्या मेलमध्ये होता. डॅशबोर्डचा महिन्याचा रिजेक्शन रिपोर्ट पीडीएफ होऊन त्यांना यायचा आणि त्यांनी एकही मेल काढून टाकला नव्हता. ओतलेलं टनेज, भट्टीवार हीटची संख्या, कारणवार रिजेक्शन: महिन्यामागून महिना आमचे आकडे पीडीएफशी तंतोतंत जुळले. रसायनही शहाण्यासारखं दिसत होतं. एसजी आयर्नच्या (मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिलेल्या लोखंडाच्या) ओळींत मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास, ग्रे आयर्नच्या ओळींत जवळपास नाहीच. कॉलम एकमेकांत सरकले असते तर हे लगेच उघडं पडलं असतं.

मग २०१७ साल निवडून ‘२०ई४’ शोधलं. एकही ओळ नाही.

२० मे २०१७ या तारखेच्या ओळी मात्र होत्या. पण त्यांच्यापुढे हीट नंबर होते २ई२, २ई३, २ई४, २ई५ असे. नंबरातली तारीख दोन, ओळीतली तारीख वीस. हेच नंबर २ मेलाही होते. क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, ‘‘सर, वाचताना शून्य गळालंय का?’’ शंका साहजिक होती. म्हणून हीट नंबरच्या यादीतलं ते मूल्य थेट बाइटमध्ये पाहिलं. प्रकार सांगणारा बाइट, मग आकडा दोन लाख, मग अक्षरं: ३२ ४५ ३५ आणि शेवटी ००. सोळा-आधारी भाषेत ३२ म्हणजे २, ४५ म्हणजे ई, ३५ म्हणजे ५. शून्य कुठेच गळालं नव्हतं. फाइलमध्येच २ई५ लिहिलं होतं.

उत्तर त्या आकड्यात होतं. हीट नंबरासोबत दोन लाख हा आकडा कशाला? दोन अंकांच्या मध्ये ‘ई’ आला की कॉम्प्युटरच्या जगात तो दहाचा घात समजला जातो. २ई५ म्हणजे दोन गुणिले एक लाख, दोन लाख. २०ई४ म्हणजे वीस गुणिले दहा हजार, तेही दोन लाख. क्लिकव्ह्यू टेक्स्ट फाइलमधून माल उचलताना आकड्यासारखं दिसणारं सगळं आकडा म्हणून घेतं, आणि एकाच कॉलममध्ये दोन मजकुरांची किंमत सारखी निघाली तर पहिल्यांदा भेटलेलं रूप ठेवून दुसऱ्यालाही तेच लावतं. हेडरमधली वंशावळ सांगत होतीच की माल टेक्स्ट फायलींतून आलाय. हा प्रोग्रामचा दोष नाही. नियम त्यांनी लिहून ठेवलेला आहे आणि ‘हे मजकूर म्हणूनच घे’ असं सांगायची सोयही आहे. स्क्रिप्टमध्ये हीट नंबरासाठी ती वापरलेली नव्हती, एवढंच.

म्हणजे गोंधळ फक्त मे महिन्यात, आणि फक्त ज्या तारखांत दहापट नातं आहे तिथं: १ आणि १०, २ आणि २०, ३ आणि ३०. तपासलं तर २-२० आणि ३-३० मध्ये तसंच निघालं. १० मे मात्र दरवर्षी स्वच्छ. माझा तर्क इथं अडला. मेल्टिंगचे जुने सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, शेजारीच उभे होते. ‘‘एक मेला भट्टी कुठं पेटतीया सर? कामगार दिनाची सुट्टी असतीया न्हवं.’’ १ मेला हीटच नाहीत, त्यामुळे १० मेच्या नंबरांची जागा घ्यायला कोणी नव्हतं. जे तर्काविरुद्ध वाटत होतं, त्यानंच तर्क पक्का केला.

आता त्या पीडीएफ रिपोर्टांकडे पुन्हा पाहा. ते आमच्याशी तंतोतंत जुळले होते, कारण ते याच फायलींतून निघाले होते. आम्ही फाइल बरोबर वाचली, हे त्यांनी सिद्ध केलं. फाइलमध्ये आहे ते खरं आहे, हे ते सिद्ध करूच शकत नव्हते. बाहेरून बंद फायली वाचणाऱ्या प्रत्येकानं या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात असं मला कळकळीनं वाटतं. पहिल्या तपासणीला जुना रिपोर्ट चालतो. दुसरीला त्या प्रोग्रामच्या वाटेला कधीच न गेलेला कागद लागतो. इथं तो ग्राहकाकडे निघाला: मालासोबत गेलेलं मटेरियल सर्टिफिकेट, हीट रजिस्टरवरून हातानं टाइप केलेलं. त्यावर हीट २०ई४, कार्बन ३.६२, मॅग्नेशियम ०.०४१. आमच्याकडे २० मेच्या तारखेला ‘२ई५’ नावानं बसलेल्या ओळीत नेमके तेच आकडे होते, आणि सर्टिफिकेटवर नसलेलं ओतण्याचं तापमान आणि ट्रीटमेंटची वेळही होती.

दुरुस्ती

हीटच्या टेबलात दुरुस्ती सोपी गेली, कारण तारखेचा कॉलम वेगळा होता आणि शाबूत होता. तारीख २० आणि नंबर २ई५ असेल तर खरा नंबर २०ई४. काही वर्षांत उलटंही घडलं होतं, वीस तारखेचं रूप आधीच्या वर्षी आधी भेटल्यानं दोन तारखेच्या उशिराच्या हीटला चिकटलेलं. नियम तोच, दिशा उलटी. भट्टी चालू करण्याच्या वेळेवरून त्या दिवसाचा हीटचा क्रम नीट लागतो का, हेही पाहिलं. मूळ नंबर पुसला नाही. शेजारी नवा कॉलम करून दुरुस्त नंबर आणि दुरुस्तीचं कारण लिहिलं.

शेऱ्यांचा कॉलम जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेला होता, त्यामुळे तो इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता. त्याचा या फाइल-प्रकाराशी संबंध नाही. फॉन्ट ओळखून युनिकोडमध्ये आणला.

सगळं एसक्यूलाइट या मोकळ्या डेटाबेसमध्ये ठेवलं. त्याची फाइलची मांडणी जाहीर आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती जतनासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत घेतली आहे आणि ते बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत आधार द्यायचा संकल्प केलाय. पण तिथंही तोच सापळा दबा धरून असतो. कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ लिहिला तर २०ई४ जसंच्या तसं राहतं. कोणी सवयीनं ‘स्ट्रिंग’ लिहिलं तर एसक्यूलाइट त्याला आकडेवारीचा कॉलम मानतं आणि २०ई४ चे दोन लाख करून टाकतं. एक्सेलमध्ये टेक्स्ट फाइल डबल-क्लिकनं उघडली तरी तेच. याच एक्सेलनं नावांच्या तारखा केल्या म्हणून २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. फाउंड्रीत आम्ही यापुढे कॉम्प्युटरवरचा हीट नंबर मध्ये रेघ देऊन लिहायचा ठरवलं, २०-ई-०४ असा. पॅटर्नवरची (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यावरची) अक्षरं तशीच.

डिस्पॅचचं टेबल मात्र चिवट निघालं. चलनांवर हीट नंबर होता, ओतल्याची तारीख नव्हती. त्यामुळे तिथं ‘२ई५’ म्हणजे २ मेची पाचवी की २० मेची चौथी, हे एका ओळीकडे बघून कळेना. २० मेच्या आधी गेलेला माल अर्थातच २ मेचा. पुढच्या मालासाठी ग्रेड कामी आला: २०१७ च्या २ मेची पाचवी हीट एफजी २६० ची, म्हणजे ग्रे आयर्नची होती, २० मेची चौथी एसजी ५००/७ ची, आणि कोणता भाग कोणत्या ग्रेडचा हे पार्ट नंबरावरून ठरतं. ग्राहकाला हवी असलेली चलनांची यादी अशी पूर्ण झाली, आणि प्रत्येक नोंद कोणत्या फाइलमधून, कोणत्या नियमानं ठरवली हे सोबत लिहून पाठवलं.

जिथं दोन्ही हीट एकाच ग्रेडच्या, भागही तोच आणि माल महिनाअखेरीनंतर गेलेला, अशा काही ओळी उरल्या. त्यांच्यापुढे ‘संदिग्ध’ लिहून दोन्ही शक्य नंबर ठेवलेत. वाटणीत कागलच्या गोदामात गेलेल्या खोक्यांत त्या वर्षांची चलन-बुकं आहेत, पुराच्या पाण्यापासून दूर राहिलेली. मॅडम आणि मामा सध्या त्यातल्या कार्बन कॉपी काढून एकेक ओळ लावताहेत. जिथं कार्बन कॉपीवर हीट नंबर वाचता येतो, तिथला ‘संदिग्ध’ हा शेरा त्या दोघांच्या सहीनं उतरतो.